ऊन जेवणाचे अंतर

इंग्लंडच्या मध्यभागी वुल्व्हरहॅम्प्टन नावाचे एक कारखान्यांचे शहर आहे. कुलपांसाठी आणि सायकलींसाठी ते एके काळी प्रसिद्ध होते. दुसरे महायुद्ध संपत आले असता तेथील एक डॉक्टर जे. एच्. शेल्डन ह्यांनी एक निराळेच काम अंगावर घेतले. इस्पितळात येणारा म्हातारा डॉक्टरला ठाऊक असतो; पण जो इस्पितळात येतच नाही, आपल्या घरी राहतो, जिना चढतो, पडतो, उठतो आणि पुन्हा चहाचे आधण ठेवतो, त्याच्याविषयी वैद्यकाला त्या काळी फारच थोडे माहीत होते. रेशनच्या नोंदींवरून नावे काढून शहरातील सुमारे पावणेपाचशे वृद्धांची त्यांच्या राहत्या घरी जाऊन चौकशी करण्यात आली. ह्या पाहणीवर आधारलेले शेल्डन ह्यांचे पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

ह्या चौकशीत एक अडचण पुनःपुन्हा येत असे. शिरगणतीच्या तक्त्यात जी बाई ‘एकटी’ म्हणून लिहिलेली, ती प्रत्यक्षात दुपारचे जेवण लेकीकडे जेवत असे. तिचे कपडे लेक धूत असे आणि लेकीची मुले शाळेतून सुटली की आजीच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. अशा बाईला एकटी कसे म्हणावे? मुले ‘जवळ’ राहतात असे नोंदवावे, तर जवळ म्हणजे किती? शेल्डन ह्यांनी ह्यासाठी मैलाचे माप घेतले नाही. एका घरी शिजलेले ऊन जेवण पुन्हा गरम करावे न लागता दुसऱ्या घरी पोचवता येते, तेवढे अंतर म्हणजे जवळ, असे त्यांनी ठरविले. पायी चालण्याच्या हिशेबाने हे अंतर सुमारे पाच मिनिटांचे होते. जपानी भाषेत ‘सूप निवणार नाही इतके अंतर’ असा वाक्प्रचार आज सर्रास वापरला जातो, तोही ह्याच कल्पनेचा.

हे माप मराठी कानाला चटकन पटते. पण त्यामागची घडी आपल्या ओळखीची नाही. आपल्याकडे ‘वेगळी चूल मांडली’ ह्या शब्दांना भांडणाचा वास आहे. वाड्यात राहून ज्या सुनेने चूल वेगळी केली, तिच्याविषयी शेजारीपाजारी हलक्या आवाजात बोलत. इंग्लंडात मात्र लग्न म्हणजेच नवी चूल, हा दंडक फार जुना आहे. केंब्रिज येथे १९६४ पासून पीटर लॅस्लेट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी जुन्या गावनोंदी तपासण्यास आरंभ केला, तेव्हा १५७४ ते १८२१ ह्या काळातील शंभर वस्त्यांमध्ये दर घरामागे सरासरी ४.७५ माणसे, तीही नोकरचाकर धरून, निघाली. कारखाने आले आणि एकत्र कुटुंब मोडले, ही पाठ्यपुस्तकांतली गोष्ट निदान इंग्लंडपुरती तरी खरी नव्हती. तेथे मोडण्याजोगे एकत्र कुटुंबच नव्हते.

मग म्हाताऱ्यांचे काय होत असे? ज्याच्याकडे जमीन होती, त्याने आपली सोय कागदावर करून घेतली. तेराव्या-चौदाव्या शतकांतील जहागिरींच्या दप्तरांत असे करार सापडतात. बाप आपली जमीन मुलाच्या नावे करतो आणि त्या बदल्यात वर्षाला इतके धान्य, इतके कपडे, राहण्यास खोली आणि चुलीपाशी बसण्यास जागा, असे एकेक कलम लिहून घेतो. पुत्रप्रेमावर विश्वास नव्हता असे मुळीच नाही; पण ते दप्तरात नोंदलेले बरे, एवढा व्यवहार त्या शेतकऱ्याला कळत होता.

ज्याच्याजवळ लिहून देण्यासारखे काही नव्हते, त्याला दुसऱ्याच्या दानधर्माकडे पाहावे लागे. श्रीमंतांनी वृद्धांसाठी बांधलेली धर्मघरे इंग्लंडात मध्ययुगापासून आहेत. लंडनच्या शोरडिच भागात १७१४ मध्ये बांधलेली चौदा घरांची एक देखणी रांग आजही उभी आहे. शहराचे एके काळचे महापौर सर रॉबर्ट जेफ्री ह्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ती झाली; तो पैसा काही अंशी गुलामांच्या व्यापारातून आलेला होता, हेही ह्या इमारतीच्या इतिहासात आज नमूद करावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील वृद्ध दुसरीकडे हलविले गेले आणि १९१४ पासून त्या जागी संग्रहालय आहे. ही घरे स्वस्त होती, किंबहुना फुकट होती, स्वतंत्रही होती. पण ती कोठे असावीत हे दात्याच्या इच्छेने ठरे, राहणाऱ्याच्या लेकीच्या पत्त्यावरून नव्हे.

आणि ज्याला तेही मिळाले नाही, त्याला गरिबांचा कायदा होता. १६०१ च्या कायद्याने ऐपत असलेल्या मुलांवर आईबापांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती. १८३४ नंतर, निदान कायद्याच्या हेतूप्रमाणे, मदतीचा मुख्य मार्ग अनाथगृहवजा कामगृहाच्या दारातून जाऊ लागला. त्या दारात नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला पाठविली जाई. साठ वर्षांवरील जोडप्यांना वेगळे राहण्याची सक्ती करू नये, असे १८४७ मध्ये लिहावे लागले, ह्यावरून आधी काय चालत होते ह्याची कल्पना येते. १९०८ चा पेन्शनचा कायदा आला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. पाच शिलिंगांत एकट्याचे भागणे कठीणच होते. परंतु लेकीच्या शेजारी एक खोली घेऊन, तिच्या हंडीत आपलाही थोडा वाटा घालून राहणाऱ्या म्हातारीला ती रक्कम आयुष्यात प्रथमच मान देऊन गेली. ती आता ओझे नव्हती. ती भाडे देत होती.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चाले, ह्याचे सर्वांत जिवंत चित्र पूर्व लंडनच्या बेथ्नल ग्रीन भागातले आहे. गोदीकामगार, सुतार, शिंपी अशा कष्टकऱ्यांची ही दाट वस्ती. मायकेल यंग ह्यांनी १९५४ मध्ये तेथे एक अभ्याससंस्था काढली, आणि १९५७ मध्ये त्या संस्थेची दोन पुस्तके निघाली: एक यंग आणि पीटर विल्मॉट ह्यांचे नातेसंबंधांवरचे, दुसरे पीटर टाउन्सेंड ह्यांचे वृद्धांच्या कुटुंबजीवनावरचे. टाउन्सेंड ह्यांनी २०३ वृद्धांशी बोलून लिहिले. त्यांच्यापैकी पुष्कळांचे म्हणणे एकच होते: मुलांजवळ राहावे, मुलांत राहू नये.

लेकीला आईच्या गल्लीतच खोली मिळावी हे जमे कसे, ह्याचे उत्तर गमतीचे आहे. घरे खाजगी मालकांची होती; भाडी सरकारने १९१५ पासून कमीअधिक प्रमाणात आवळून धरलेली होती; आणि दर आठवड्याला भाडे वसूल करणारा माणूस दारात येत असे. वर्षानुवर्षे वेळेवर भाडे देणारी आई त्याच्यापाशी शब्द टाकी: माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे, पलीकडची जागा रिकामी होणार असे ऐकते. आईची पत हीच मुलीची अनामत ठरे. मालकालाही अनोळखी भाडेकरूपेक्षा ओळखीच्या घरची मुलगी बरी वाटे. मुंबईच्या चाळींत राहिलेल्यांना ह्या संभाषणाचा सूर नवा वाटणार नाही. आणि पुढे तीच मुलगी, आईचे गुडघे थकले की, पाच मिनिटांवरून ताट झाकून घेऊन येई. मोबदला दोन्हीकडून होता: नातवंडे सांभाळणे, शाळेतून आणणे, कामावर गेलेल्या लेकीचा स्वयंपाक उरकून ठेवणे ही कामे आजीची. वृद्धाश्रमाची पायरी चढावी लागे ती बहुतेक त्यांना, ज्यांना मुले, विशेषतः मुलगी, नव्हती. टाउन्सेंड ह्यांचा हा निष्कर्ष पुढच्या धोरणाला दिशा देणारा ठरावयास हवा होता.

परंतु धोरण उलट दिशेने चालले होते. बेथ्नल ग्रीनची घरे जुनी, ओलसर, न्हाणीघर नसलेली. ती पाडणे भाग होते, ह्यात शंका नाही. लंडनच्या नगरसंस्थेने शहराबाहेर नव्या वसाहती बांधल्या. त्यांतील एक एसेक्समधील डेब्डन. यंग-विल्मॉट ह्यांनी पुस्तकात तिला ग्रीनली हे टोपणनाव दिले. बाग, न्हाणीघर, स्वच्छ हवा, सारे होते. १९४९ मध्ये भुयारी रेल्वेचा मार्गही तेथवर पोचला. बेथ्नल ग्रीनपासून वीस मैलांच्या आतलीच ही जागा. पण घर वाटण्याचा नियम गरजेच्या गुणांवर चालणारा होता. लहान मुले असलेल्या जोडप्याला गुण अधिक, म्हाताऱ्या आईला गुण नाहीत. वसुलीवाल्यापाशी शब्द टाकता येई. गुणपत्रिकेपाशी कोणता शब्द टाकणार? आणि घरे बहुतेक तीन शेजघरांची, मुलाबाळांच्या कुटुंबासाठी बांधलेली. आई मागे राहिली, लेक पुढे गेली, आणि आठवड्यातून अनेकदा होणाऱ्या गाठीभेटी रेल्वेच्या भाड्यावर येऊन अडल्या. नियमात अन्याय शोधावा तर सापडत नाही. निकडीची गरज आधी, हे तत्त्व कोणीही मान्य करील. उणीव एवढीच की त्या गुणपत्रिकेत आजीसाठी रकानाच नव्हता.

ह्याच सुमारास, ५ जुलै १९४८ रोजी, गरिबांचा जुना कायदा संपला आणि आईबापांना पोसण्याची मुलांवरील कायदेशीर जबाबदारीही संपली. कामगृहाऐवजी छोटी, हॉटेलसारखी वृद्धनिवासे निघतील, अशी मंत्री अन्युरिन बेव्हन ह्यांची कल्पना होती. टाउन्सेंड ह्यांनी पुढे अशा १७३ संस्था स्वतः फिरून पाहिल्या आणि १९६२ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कित्येक ठिकाणी इमारत तीच जुनी होती, फक्त पाटी बदलली होती. त्यानंतर मात्र नगरपालिकांनी वृद्धांसाठी स्वतंत्र छोट्या खोल्या, देखरेखीला एक व्यवस्थापिका आणि संकटकाळची घंटा अशी घरे मोठ्या संख्येने बांधली. १९६९ च्या एका सरकारी परिपत्रकाने त्यांची मापे ठरवून दिली. भाडे परवडणारे, दार स्वतःचे, हाक मारली तर कोणी तरी येणारे. वृद्धांना ही घरे आवडली. मुलांपासून ती किती दूर असावीत, हे माप मात्र परिपत्रकातल्या मापांत नव्हते.

बेथ्नल ग्रीनची गोष्ट येथे संपत नाही, आणि पुढचा भाग तितकासा गोड नाही. १९७७ च्या बेघरांविषयीच्या कायद्याने घरवाटपात गरजेचे पारडे आणखी जड केले. त्या भागात तोवर बांगलादेशातील सिल्हेटहून आलेली कुटुंबे राहू लागली होती. एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या ह्या कुटुंबांची गरज निर्विवाद होती. जुन्या रहिवाशांना वाटले, आपल्या लेकीची घरे गेली. १९८० च्या दशकात स्थानिक नगरसंस्थेने रहिवाशांच्या मुलामुलींना अग्रक्रम देणारी योजना आणली, तेव्हा तिच्यावर वंशभेदाचा आरोप झाला; आणि तो निराधार म्हणता येत नाही, कारण ज्याचे आईबाप त्या गल्लीत पिढीजात नाहीत, त्याला अशा नियमाने दारातूनच परत पाठविले जाते. मायकेल यंग ह्यांनी आयुष्याच्या अखेरीस आपल्या जुन्या वस्तीचा पुन्हा अभ्यास हाती घेतला. ते २००२ मध्ये वारले. सहकाऱ्यांसह लिहिलेले पुस्तक २००६ मध्ये निघाले आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. जुन्या वस्तीचे चित्र फार प्रेमाने रंगविले आहे, असा आक्षेप पहिल्या पुस्तकापासूनच होता. तरी दुसऱ्या पुस्तकातील एक विसंगती विसरता येत नाही: एकमेकांकडे रागाने पाहणाऱ्या ह्या दोन्ही समाजांतील आज्यांना हवे होते ते एकच, आणि सिल्हेटी कुटुंबांत तीन पिढ्यांची ये-जा जुन्या बेथ्नल ग्रीनची आठवण करून देणारी होती.

भारतात २००७ मध्ये आईबापांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याने न्यायाधिकरणाला महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरविण्याचा अधिकार दिला, आणि निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे जणांचे एक वृद्धनिवास असावे, अशी तरतूद केली. म्हणजे १६०१ चे कलम आणि धर्मघर, दोन्ही एकाच कायद्यात आले.

अंतराचे माप सरकारी नियमात उतरविण्याचा खटाटोप केला तो सिंगापूरने. तेथील गृहनिर्माण मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पाहता पाहता बहुसंख्य नागरिक त्याच्याच घरांत राहू लागले, त्यामुळे घर कोणाला कोठे मिळावे ह्याची दोरी एकाच हाती आली. आईबापांजवळ घर मागणाऱ्या विवाहित मुलांना सोडतीत झुकते माप देण्यात आले. वृद्धांसाठी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची छोटी घरे १९९८ पासून आली. पट्टा अल्प मुदतीचा, म्हणून किंमतही आवाक्यातली. २०१५ मध्ये, आईबापांपाशी किंवा मुलांपाशी जुने घर विकत घेणाऱ्यास रोख अनुदान सुरू झाले. ‘पाशी’ म्हणजे त्याच नगरात किंवा दोन किलोमीटरांच्या आत. २०१८ मध्ये हे माप चार किलोमीटर करण्यात आले. चार किलोमीटर पायी नेलेले जेवण निवणारच. पण तेथे बस आहे, आगगाडी आहे आणि डबाही बरा मिळतो. त्याच शहरात ॲडमिरल्टी स्थानकाशेजारी २०१७ मध्ये वृद्धांसाठी १०४ घरांची एक इमारत उभी राहिली. तिच्यात खाली स्वस्त खाणावळ आहे, मध्ये दवाखाना आहे आणि वर पाळणाघर आहे. तेथील नातवंडांना संध्याकाळी घरी न्यायला कोणी यावयाचे, हा प्रश्न त्या इमारतीत पुष्कळदा एका उद्‌वाहनाच्या प्रवासात सुटतो.