अवंतिकेची सखी

आपल्या घरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या नातींच्या हाती ज्या इंग्रजी प्रेमकथा दिसतात, त्यांतील पुष्कळांचा साचा ठरलेला असतो. काही कारणाने एक मुलगा आणि एक मुलगी चारचौघांत प्रेमाचे सोंग घेतात आणि सोंग वठवता वठवता मने खरोखरच गुंततात. जेनी हान या अमेरिकन लेखिकेची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव्ह लव्ह्ड बिफोर’ (२०१४) ही कादंबरी त्याचा प्रसिद्ध नमुना. २०१८ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. वडीलधारी मंडळी हे परके खूळ म्हणून नाके मुरडतात. उज्जयिनीकरांनी तरी तसे करू नये. खोट्या ओळखीतून उमललेल्या प्रीतीची एक अतिप्राचीन कथा याच नगरीच्या राजवाड्यात घडते.

धम्मपदाच्या पाली अट्ठकथेत ती अशी येते. वत्सराज उदयनाला वीणेच्या नादाने हत्ती वश करण्याची विद्या अवगत होती. अवंतीच्या चंडप्रद्योताने लाकडी हत्तीत माणसे दडवून त्याला पकडले आणि विद्या काढून घेण्यासाठी आपल्या कन्येला शिष्या केले. मध्ये पडदा. ‘पलीकडे कुबडी बाई आहे’ असे उदयनाला सांगितले. ‘पलीकडे कोडी माणूस आहे’ असे कन्येला. एके दिवशी तिचा पाठ चुकला, तो ‘कुबडे!’ म्हणून ओरडला, तिने ‘कोड्या!’ म्हणून प्रत्युत्तर दिले, आणि पडदा बाजूला झाला. पुढे दोघे हत्तिणीवर बसून उज्जयिनीतून पळाली. अवंतीच्या खेड्यांतील वृद्ध ह्या कथा सांगण्यात निष्णात आहेत, असे कालिदासाने मेघदूतात नमूद केले आहे. म्हणजे त्या काळी त्या आजोबांच्या तोंडी होत्या!

परंतु ह्या कथेचे खरे मर्म भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकात आहे. (टी. गणपतिशास्त्री यांनी ते १९१२ मध्ये त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केले. कर्तृत्वाविषयीचा विद्वानांचा वाद येथे बाजूला ठेवू.) गेलेले राज्य परत मिळवायचे तर मगधाची मदत हवी, आणि त्यासाठी उदयनाने मगधराजाची बहीण पद्मावती हिच्याशी विवाह केला पाहिजे. म्हणून अमात्य यौगंधरायण वासवदत्ता आगीत जळाली अशी आवई उठवतो आणि तिला आपली बहीण ‘अवंतिका’ म्हणून पद्मावतीच्याच स्वाधीन करतो. दोघींचे सूत जुळते. त्या चेंडू खेळतात, थट्टामस्करी करतात. मग लग्न ठरते आणि वरमाला गुंफण्याचे काम नेमके अवंतिकेकडे येते. दासीने आणलेल्या वनस्पतींपैकी वैधव्य टाळणारी ती माळेत भरपूर गुंफते. सवतीचे मर्दन करणारी मात्र बाजूला ठेवते. सोंग घेतलेल्या मुलीच्या मनाचा एवढा नेमका ठाव मला अन्यत्र क्वचितच आढळला.

शेवटच्या अंकात उज्जयिनीहून वासवदत्तेच्या आईवडिलांनी पाठवलेले चित्र येते. मुलगी पळून गेल्यावर त्यांनी दोघांच्या चित्रांचेच लग्न लावले होते! ते चित्र पाहून पद्मावती अवंतिकेला ओळखते. सत्य उघड होताच ती वासवदत्तेच्या पायांवर लोटांगण घालते आणि आजवर अजाणता सखीप्रमाणे वागल्याबद्दल क्षमा मागते. राज्य मिळाले, पतिपत्नी भेटली. सखी मात्र त्या क्षणी संपली. तिच्या जागी ‘आर्या’ आली.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तील (१८८२) यतिवेषाने असे काही हिरावले जात नाही. तेथे प्रामुख्याने फसतात ते बलरामदादा, आणि वडील फसले की प्रेक्षक खुशाल हसतो. मैत्रीण फसली की हसू येत नाही. हान हिच्या नायिकेला तरी दुसरे काय छळते? ज्याच्याशी ती प्रेमाचे नाटक करते, त्याची आधीची प्रेयसी ही तिचीच एके काळची जिवलग मैत्रीण. भांडणापूर्वीच दोघी वेगळ्या वाटांनी वाढत गेलेल्या. मराठीत हे वय मिलिंद बोकील यांनी ‘शाळा’ (२००४) मध्ये पकडले. आणीबाणीच्या वर्षातील नववीच्या मुलांची ती कथा वाचताना मुकुंदाच्या प्रेमाइतकाच त्याचा मित्रांचा कंपू मनात राहतो. तरी ती मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली शाळा आहे.

वासवदत्तेचे पुढे काय झाले, हे सातव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘प्रियदर्शिका’ नाटिकेत दाखवले आहे. आता ती प्रौढ राणी आहे. तिच्याच तारुण्यातील प्रेमकथेचा प्रयोग अंतःपुरात होतो. वासवदत्तेच्या भूमिकेत तिची परिचारिका आरण्यिका आणि उदयनाच्या भूमिकेत आरण्यिकेची मैत्रीण मनोरमा, अशी योजना असते. मनोरमा जाणून-बुजून बाजूला होते आणि तिच्या जागी स्वतः राजाच उभा राहतो. रंगमंचावरचे लटके प्रेम खरे ठरते. समोर प्रेक्षकांत बसलेली राणी आधी कौतुकाने पाहते, मग ओळखते, आणि त्या मुलीला बंदीत टाकण्याची आज्ञा देते. ती मुलगी वस्तुतः तिच्या मावशीची असते. एके काळी मगधात खोटे नाव घेऊन दुसऱ्या राजकन्येच्या आश्रयाला राहिलेल्या अवंतिकेला, खोट्या नावाने आपल्याच आश्रयाला राहिलेली ही मुलगी ओळखता येत नाही.