खिशातील पहारेकरी

युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावाने सांगण्याची आपली जुनी रीत आहे. आज आम्ही मोहिमा बाजूस ठेवून सामान्य नागरिकाच्या डोळ्यांविषयी बोलणार आहोत.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमाने इंग्लंडवर येऊ लागली. किनाऱ्यावरील रडारची नजर समुद्राकडे. विमान एकदा जमिनीवर आले की त्याचा माग ठेवणे त्यास साधत नसे. ते काम ‘ऑब्झर्व्हर कोअर’च्या स्वयंसेवकांनी केले. उघड्या चौकीत दुर्बीण घेऊन ही साधी माणसे पाळीपाळीने बसत आणि विमाने किती, किती उंचीवर, कोणत्या दिशेस, हे टेलिफोनने केंद्रास कळवीत. १९४१ साली या दलास ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. मात्र त्यांची नावे नोंदलेली होती, दंडावर पट्टी होती. हे कोण, असा प्रश्न कोणास पडत नसे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष चढाई केली आणि ही चौकी लोकांच्या खिशात आली. शत्रूचे रणगाडे कोठे दिसले ते नागरिकांनी टेलिग्रामवरून कळवावे, अशी सोय तेथील सरकारनेच मार्चमध्ये केली. ऑक्टोबरमध्ये तर क्षेपणास्त्राच्या दिशेने फोन धरून बटण दाबले की वार्ता हवाई संरक्षणास पोहोचू लागली. दुर्बीण नको, शिकवणी नको!

पण जो डोळा आपल्या सैन्यास उपयोगी, तोच शत्रूसही. स्फोटाचे चित्र कोणी हौसेने समाजमाध्यमांवर टाकले, तर आपला गोळा कोठे पडला हे शत्रूच्या तोफखान्यास फुकट कळते. म्हणून सैन्याच्या हालचाली अशा उघड करणे हा २४ मार्च २०२२ च्या कायद्याने गुन्हा ठरला. आम्हांस हे बंधन रास्त वाटते.

खरी अडचण पुढेच आहे. जिनिव्हा करारांस १९७७ साली जोडलेल्या पहिल्या मसुद्याप्रमाणे नागरिकास संरक्षण आहे. परंतु तो लढाईत प्रत्यक्ष भाग घेईल तेवढा वेळ ते राहत नाही. मग खिडकीतून बटण दाबणारी गृहिणी नागरिक की सैनिक? कायदेपंडितांत यावर एकमत नाही. रशियाच्या ताब्यातील गावांत नाक्यावरचे शिपाई मात्र त्या वादासाठी थांबले नाहीत. ते फोन उघडावयास लावीत. संशयास्पद संदेश सापडला की माणसास अटक होई, मारहाणही होई. तेथे पाव आणावयास निघण्यापूर्वी लोक फोनमधील संदेश पुसून टाकीत.