यादीबाहेरचे आठ : एडिंबरा महोत्सवाचा इतिहास आणि प्रेक्षकाची निवड

आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोणते नाच आणि कोणत्या नाटिका होणार, हे बाई ठरवायच्या. निवड व्हायची, यादी लागायची आणि यादीत नाव नसलेली मुलं प्रेक्षकांत बसायची. त्या मुलांनी शेजारच्या मैदानात आपलाच कार्यक्रम लावला असता तर? १९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात जवळपास असंच घडलं.

दुसरं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. ब्रिटनमध्ये धान्य अजून रेशनवर होतं. अशा काळात रुडॉल्फ बिंग यांच्या पुढाकाराने तिथे संगीत, नाटक आणि बॅले यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. बिंग मूळचे व्हिएन्नाचे. नाझींमुळे त्यांनी जर्मनी सोडली होती. ज्यू असल्यामुळे परागंदा व्हावं लागलेले संगीत संचालक ब्रूनो वॉल्टर आणि त्यांचा जुना व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद याच महोत्सवात पुन्हा एकत्र आले. काय दाखवायचं आणि का, याचा विचार करून संचालकांनी केलेली ती निवड होती.

पण त्याच वर्षी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना हजर झाल्या. सहा स्कॉटलंडच्या, दोन इंग्लंडच्या. मिळेल ती जागा घेऊन, स्वतःच्या खर्चाने त्यांनी प्रयोग केले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने अधिकृत महोत्सवाच्या कडेला चाललेल्या या नाटकांबद्दल लिहिताना ‘फ्रिंज’, म्हणजे किनार, हा शब्द वापरला आणि तोच नाव होऊन बसला. १९५०चं दशक संपता संपता फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. तिने एक नियम केला: कार्यक्रमांची निवड आम्ही करणार नाही. ज्याला जागा मिळेल त्याने यावं.

या नियमाचा दुसरा अर्थ फारसा कुणी सांगत नाही. आयोजकाने निवड सोडली म्हणून ती संपली नाही, ती तिकीट काढणाऱ्याच्या गळ्यात पडली. फ्रिंजचा पुढचा इतिहास मला प्रेक्षकाच्या या ओझ्याचा इतिहास वाटतो.

ओझं हलकं करायला आधी छापील यादी आली, १९५४ साली. मग समीक्षकांचं वजन वाढलं. १९६६ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी टॉम स्टॉपर्ड या तरुण लेखकाचं ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ तिथे केलं. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये रोनाल्ड ब्रायडन यांनी त्याची वाखाणणी केली आणि दुसऱ्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं. १९७३ पासून ‘स्कॉट्समन’ वृत्तपत्र ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार देऊ लागलं. १९८२ साली तो हबीब तनवीर यांच्या ‘चरणदास चोर’ला मिळाला. छत्तीसगढी बोलणारे, गावाकडचे कलाकार. समोरच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांना भाषा कळत नव्हती. आज आपण पुरस्काराची आठवण काढतो. पण पुरस्काराची बातमी हातात नसताना, अनोळखी नाव वाचून तिकीट काढणारे लोकही होतेच ना!

नोकरीनिमित्त लंडनमध्ये असताना मी दोनदा ऑगस्टमध्ये एडिंबराला गेले. इंजिनिअरच्या सवयीने गणित मांडलं. २०१९ साली फ्रिंजमध्ये ३,८४१ कार्यक्रम आणि ३२३ जागा होत्या. पंचवीस दिवस रोज पाच पाहिले तरी १२५, म्हणजे शेकडा तीनच्या थोडे वर. सगळ्यांत आधी संपणारा कार्यक्रम धरत गेलं की जास्तीत जास्त कार्यक्रम दिवसात बसतात, हे आपण अल्गोरिदममध्ये शिकतो. पण त्यातून फक्त संख्या वाढते. पाहिलेलं लक्षात राहील याची हमी कुठलंच सूत्र देत नाही. शिवाय शहर डोंगराळ. नकाशावर साउथ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते एकमेकांना छेदतात, प्रत्यक्षात एक पुलावर आणि दुसरा खाली. बहुतेक प्रयोग तासाभराचे, उशीर झाला तर दार बंद, आणि लगेच त्याच जागेत दुसरी मंडळी उभी.

म्हणून मी दिवसाचे तीन भाग केले. एक प्रयोग समीक्षा वाचून, एक रांगेत शेजारी उभ्या असलेल्याच्या शिफारशीवरून आणि एक रॉयल माइलवर ज्याने स्वतः हातात पत्रक दिलं त्याचा. तिसरा प्रकार कधी कंटाळवाणा निघाला, तरी मी तो सोडला नाही. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत सहा प्रेक्षक असतात तेव्हा सातव्याने फरक पडतो. भाडं, प्रवास, राहणं सगळं त्या कलाकारांच्याच खिशातून गेलेलं असतं.

मित्रमैत्रिणींनो, आता आपल्या फोनवर काय पाहायचं ते कुणीतरी आधीच निवडून ठेवतं. अशी शिफारस करणाऱ्या यंत्रणा कशा चालतात, ते आमच्या व्यवसायात रोज दिसतं: आधी पुष्कळांनी पाहिलेलं तेच पुढे सरकवलं जातं. १९४७ सालच्या आठ मंडळ्या अशा यादीत कधीच वर आल्या नसत्या. आपल्या गावात एखादा महोत्सव भरला, तर नावाजलेलं जरूर पाहा. पण एक तिकीट अशाचं काढा, ज्याचं नाव तुम्हाला अजून कुणीच सांगितलेलं नाही.