गोव्यातील जनमत कौल (१९६७)

गोव्यातील जनमत कौल म्हणजे गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशात १६ जानेवारी १९६७ रोजी घेण्यात आलेले मतदान होय. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, एवढा एकच प्रश्न गोव्यातील मतदारांपुढे होता. दमण व दीव येथील मतदारांपुढे महाराष्ट्राच्या जागी गुजरातचा पर्याय होता. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाने विलीनीकरणाचा प्रश्न अशा थेट मतदानाने सोडवल्याची ही विरळा घटना आहे. मतदानापूर्वीच्या तीन-चार वर्षांत गोव्याचे लोकमत कसे घडत व बदलत गेले, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

== संज्ञा ==
या मतदानासाठी संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जो कायदा केला, त्यात 'ओपिनियन पोल' हा शब्दप्रयोग होता. आज या शब्दाने निवडणुकीपूर्वी वृत्तवाहिन्या करीत असलेली मतदारांची नमुना चाचणी डोळ्यांसमोर येते. १९६७ चा कौल तसा नव्हता. मतदारयादी, मतपेटी, मतदान केंद्र हे सारे निवडणुकीप्रमाणेच होते. मराठीत त्यास सार्वमत असेही म्हणतात.

भारतीय उपखंडात याआधी वायव्य सरहद्द प्रांत व सिल्हेट (जुलै १९४७), जुनागढ (फेब्रुवारी १९४८) आणि चंद्रनगर (जून १९४९) येथे सार्वमते झाली होती. सर्वांनाच ही संधी मिळाली असे मात्र नाही. सिंधचा निर्णय १९४७ मध्ये तेथील विधानसभेने केला. पुढे कल्याणजवळच्या छावण्यांत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांना कोणी मत विचारले नव्हते. क्वेबेक (१९८० व १९९५) किंवा स्कॉटलंड (२०१४) येथील सार्वमतांशी गोव्याची तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. गोव्यात भारतापासून वेगळे होण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही पर्याय भारताच्या चौकटीतले होते, आणि पूर्ण राज्याचा दर्जा हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता.

== पार्श्वभूमी ==
सुमारे साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीनंतर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच्या दीडच वर्ष आधी, १ मे १९६० रोजी, भाषिक तत्त्वावर महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर अजून ओसरला नव्हता आणि बेळगाव-कारवारचा प्रश्न लोंबकळत होता. मुक्त झालेला गोवा हा त्याच मालिकेतील पुढचा टप्पा, असे महाराष्ट्रातील बहुतेक पुढाऱ्यांनी गृहीत धरले. गोव्याचे वेगळेपण जपले जाईल, असे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे धोरण होते.

९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडणूक झाली. विलीनीकरण हेच ध्येय सांगणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास साथीदारांसह गोव्यातील २८ पैकी १६ जागा मिळाल्या. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने १२ जागा जिंकल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. 'मगो' पक्षाचे दयानंद (भाऊसाहेब) बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. हा निकाल म्हणजेच विलीनीकरणाचा कौल, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. आमदार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य ठरवणे वेगळे, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र मतदान घ्या, अशी मागणी सिक्वेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरली. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही त्यासाठी दिल्लीत बरीच खटपट केली. अखेर इंदिरा गांधी यांच्या कारकिर्दीत ती मान्य झाली. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू झाली.

== मतदानापूर्वीचे लोकमत ==
लोकमताचा नकाशा पुष्कळ अंशी इतिहासाने आखून ठेवला होता. तिसवाडी, बार्देश व साष्टी या 'जुन्या काबिजादी' सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्या. तेथे धर्मांतर व्यापक झाले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इत्यादी 'नव्या काबिजादी' अठराव्या शतकात त्यांना मिळाल्या. तोवर धर्मांतराचा जुना आवेश ओसरला होता. पेडणे, डिचोली व सत्तरीवर त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल असल्याने त्या भागाचे नाते घाटापलीकडे व कोकणात गुंतलेले होते. विलीनीकरणाचा जोर नव्या काबिजादीत आणि विरोधाचा जोर जुन्या काबिजादीत, अशी स्थूल विभागणी १९६३ पासूनच दिसत होती.

विलीनीकरणवाद्यांचा आधार मराठी हा होता. गोव्यातील हिंदू समाजात कीर्तन, भजन, नाटक, पत्रव्यवहार आणि शाळा यांची भाषा मराठी होती. कोकणी ही तिची बोली आहे, असे ते मानत. मात्र या मताची खरी ताकद केवळ भाषेत नव्हती. बहुजन समाजातील कुळे व मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या भाटकारांच्या जमिनीवर राबत आले होते. त्यांच्या दृष्टीने महाराष्ट्र म्हणजे कूळकायदा, शाळा आणि उच्चवर्णीय वर्चस्वातून सुटका. बांदोडकर सरकारने १९६४ मध्ये कूळकायदा केला आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्यामुळे ही आशा अधिकच दृढ झाली. विलीनीकरणाच्या मागणीस निव्वळ भाषिक दुराग्रह म्हणून मोडीत काढणाऱ्या लेखनात हा सामाजिक धागा सहसा सुटतो.

विरोधकांत कॅथलिक समाज बहुसंख्येने होता. १९६१ च्या सुमारास तो लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक होता. मोठ्या राज्यात आपण अल्पसंख्य होऊ, आपली भाषा व राहणी बुडेल, ही त्यांची भीती होती. पण विरोध कॅथलिकांपुरता मर्यादित मानणे चूक ठरेल. रवींद्र केळेकर यांच्यासारखे गांधीवादी कोकणीला स्वतंत्र भाषा मानत. नोकऱ्या बाहेरच्यांना जातील, पणजीचा दर्जा जिल्ह्याच्या गावाइतका होईल, हा व्यावहारिक हिशेबही अनेक हिंदू कुटुंबांत मांडला जात होता. महाराष्ट्रातील दारूबंदी हा तर घरगुती चर्चेचा विषय होता. ताडमाड आणि काजूवर पोट असलेल्या गावांत ती चेष्टेची बाब नव्हती.

मुंबईच्या कुडांतून राहणारे व बोटींवर काम करणारे हजारो गोवेकर या चर्चेत हिरिरीने भाग घेत होते. त्यांनाही मतदानाचा हक्क द्यावा, ही सिक्वेरा यांची मागणी मात्र नाकारण्यात आली.

== प्रचार ==
मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी 'फूल' आणि केंद्रशासित प्रदेशासाठी 'दोन पाने' अशी चिन्हे होती. मगोचा सिंह व युनायटेड गोवन्सचा हात ही पक्षचिन्हे त्यावर नव्हती. त्यामुळे सिंहाला मत देणारा माणूस पक्ष न सोडताही दोन पानांकडे वळू शकत होता.

विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमन्तक' हे दैनिक आघाडीवर होते, बा. द. सातोस्कर त्याचे संपादक होते. महाराष्ट्रात आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून ही बाजू जोरात मांडली. 'झालाच पाहिजे' ही घोषणा सभांतून घुमत असे. महाराष्ट्र शासनाने गोव्याला सवलतींची आश्वासनेही दिली.

विरोधी प्रचाराचे प्रमुख साधन मडगावचे 'राष्ट्रमत' हे दैनिक होते, आणि ते मराठी होते. विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद मराठीतूनच झाला, ही गोष्ट भाषेच्या या वादात लक्षणीय ठरते. चंद्रकांत केणी संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर विशेष गाजले. मराठी वाचणारा हिंदू मतदार हाच निर्णायक आहे, हे या मंडळींनी नेमके ओळखले होते. कॅथलिक वाचकांसाठी फेलिसिओ कार्दोज यांची रोमी लिपीतील कोकणी पत्रकारिता होती. उल्हास बुयांव यांची गाणी व मनोहरराय सरदेसाय यांच्या कविता सभांतून ऐकवल्या जात. जेथे वर्तमानपत्र पोचत नव्हते, तेथे कलापथक पोचत होते.

== निकाल ==
एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सुमारे ८२ टक्क्यांनी, मतदान केले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. उरलेली ७,२७२ मते बाद ठरली. फरक ३४,०२१ मतांचा होता. गोव्यातील हिंदूंचे लोकसंख्येतील प्रमाण सुमारे साठ टक्के असताना विलीनीकरणास साडेत्रेचाळीस टक्के मते मिळाली. मतदान गुप्त असल्याने कोणी कोणास मत दिले हे सांगता येत नाही. तरी हिंदू मतदारांतील बऱ्याच मोठ्या गटाने दोन पानांवर शिक्का मारला, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

== पुढील घडामोडी ==
विलीनीकरण फेटाळल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. तीत गोव्याच्या मतदारांनी त्याच बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. या दोन निकालांत विसंगती मानण्याचे कारण नाही: कुळांना व बहुजनांना आपले सरकार हवे होते, आणि त्यातील काहींना ते पणजीतच हवे होते. बांदोडकर १९७३ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी ते पद सांभाळले.

भाषेचा वाद मात्र कौलाने मिटला नाही. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी दमण व दीव वेगळे होऊन गोवा भारताचे पंचविसावे राज्य बनले. १९९२ मध्ये कोकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात 'अस्मिताय दीस' म्हणून पाळला जातो.