सालंगच्या पलीकडची सभा

शाल घट्ट लपेटा. जमलं तर आणखी एक घ्या. तुम्ही बदख्शानमध्ये आहात, अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला. साल 2008. नवरोज होऊन गेला, पंचांगाप्रमाणे वसंत लागला, पण उंबऱ्याबाहेरचा बर्फ अजून गुडघाभर आहे. मातीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र, आत बुखारी पेटलेली. बुखारी म्हणजे इथली पत्र्याची शेगडी. तिच्यात गोवऱ्या जळताहेत आणि तो धूर थेट डोळ्यांत शिरतोय. ओल्या मेंढीच्या कातड्याचा वास, रॉकेलचा वास, घामाचा वास. तुमच्या हातात कंदील आहे. तो हलवू नका. आज रात्री तुमचं काम तेवढंच.

गादीवर जी बाई कण्हतेय ती गाढवावर बसून आली आहे, अर्धा दिवस चढउतार करत. वाटेत तिला दोनदा उतरवून बर्फावर टेकवावं लागलं. सोबत सासू. तिने आल्या आल्या उशाखाली सुरी सरकवली, कारण बाळंतिणीवर आल नावाची हडळ टपून बसलेली असते आणि ती लोखंडाला भिते. तुम्हाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणाऱ्या आज्या तुम्ही पाहिल्या असतील. सासूचा सुरीवर विश्वास आहे आणि समोरच्या पोरीवर अजून बसायचा आहे.

ती पोर म्हणजे काबिला जान. काबिला म्हणजे शिकलेली सुईण. गावात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. वय विशीच्या थोडं पुढे. गावच्या शूरेने, म्हणजे पंचांनी, तिला निवडून शिकायला धाडलं. अट एकच: शिकून इथेच परत यायचं. शाळेत पेल्व्हिसच्या साच्यातून बाहुली इतक्या वेळा बाहेर काढली की रात्री झोपेत हात हलायचे, असं ती सांगते. तिचं स्वतःचं तान्हं बाळ सोबत होतं. शाळेतच पाळणाघर होतं, नाहीतर तिच्यासारख्या बऱ्याच जणी दाराशीच अडल्या असत्या.

बाळ येतं. किंचाळतं. सासू हात वर करून देवाचं नाव घेते, खोलीतल्या सगळ्यांचे खांदे खाली येतात. काबिला जानचे येत नाहीत. पोटात दुसरं बाळ नाही ना, हे ती आधी चाचपते. मग बाईच्या मांडीत सुई जाते, ऑक्सिटोसिनची 10 युनिट. एक हात ओटीपोटावर, दुसऱ्या हाताने नाळेला हळू, सलग ताण. पोटावरचा हात गर्भाशयाला वर धरून आहे. वार सुटते. ती उलटून कंदिलापाशी धरते, म्हणजे तुमच्या नाकापाशी. हलू नका म्हटलं ना! एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे तिला पाहायचंय. मग ती पोट चोळायला लागते. रक्त येतंय. कोमट, गडद, कापडातून गळून जमिनीच्या मातीत मुरणारं. ती चोळतेय. तुम्हाला वाटतं तास गेला. तिच्या तळव्याखाली गर्भाशय आक्रसत जातं, कडक होतं. ती तुमचा मोकळा हात ओढून तिथे ठेवते. लागलं हाताला? आता तिचे खांदे खाली येतात.

याच प्रांतात राघ नावाचा जिल्हा आहे. 2002 मध्ये तिथे घरोघर फिरून मोजणी झाली. एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे 6,500 आया दगावत होत्या. एवढा मोठा आकडा तोवर जगात कुठे नोंदलाच गेला नव्हता. सगळ्या देशाचा हिशेब 1,600 चा, आणि तोही भयंकरच. देशभरात रक्तस्राव हे सर्वांत मोठं कारण. दोन कोटींवर वस्तीच्या त्या देशात तेव्हा शिकलेल्या सुइणी होत्या 467. हे आकडे मी एकदाच सांगते आणि पुढे जाते, कारण तुमच्या तळहाताला जे आत्ता कळलं ते आकड्यांतून कळायचं नाही.

पहाटे सासू चहा करते. बाळाच्या कानात अजान म्हणायला आजोबा येतात. सहाव्या रात्री, शब-ए-शशला, तुम्ही यायचंच असा आग्रह होतो. काबिला जान हातावर राखेचं पाणी घेऊन धुते आणि रजिस्टर उघडते. लिहिताना थांबते. तिच्या मनात काल रात्रीचं काही नाही, मागच्या महिन्यातलं आहे.

तेव्हा एक जण सुजलेल्या चेहऱ्याने आली होती, झटके येत होते. मॅग्नेशियम सल्फेट कपाटात होतं, कसं द्यायचं हे हिला पाठ होतं. पण कपाटाची किल्ली केंद्राच्या प्रमुखाकडे, आणि त्याचं म्हणणं, हे औषध देणं सुइणीचं काम नाही. कोणाचं मग? डॉक्टरीणबाई प्रांताच्या राजधानीत, फैजाबादला, रस्ता बंद. किल्ली मिळेस्तोवर जो वेळ गेला त्याबद्दल ती बोलत नाही. ती एवढंच म्हणते, "सुइणीनं काय करायचं हे कुठंतरी लिहिलेलं असेल ना? मला तो कागद पाहिजे."

तो कागद काबूलमध्ये आहे, सुइणींच्या संघटनेच्या सभेत. म्हणून आपण निघतोय.

एप्रिलचे शेवटचे दिवस. रस्ता म्हणजे चिखल, आणि चिखल नाही तिथे दगड. जीपमध्ये मागच्या बाकावर तुम्ही, काबिला जान, तिचं मूल आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या दोघी. पुढे तिचा सासरा, कारण बाईमाणसाने एवढ्या लांब जायचं तर घरचा पुरुष, महरम, सोबत हवा. तुमच्या अंगावर निळी चादरी, म्हणजे इथला बुरखा. डोळ्यांसमोरच्या जाळीतून जग चौकटीचौकटीचं दिसतं, पायाखालचं दिसतच नाही. आत स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर येतो. वळणावळणाला कोणीतरी ओकतंय. आज ती पाळी तुमची. दोघींपैकी एक जण तुमची चादरी वर करून पाठ चोळते आणि वाळलेली जर्दाळू तोंडात कोंबते. तालुकानपर्यंत सगळ्या तुम्हाला हमशीरा, म्हणजे बहीण, म्हणायला लागलेल्या असतात.

कुंदूज, पुल-ए-खुमरी आणि मग सालंगचा घाट. बोगदा पावणेतीन किलोमीटरचा, अंधारा. ट्रकांचा धूर इतका की दिवे असून नसल्यासारखे. छतातून बर्फाचं पाणी टपावर टपटपतंय. मूल रडायचं थांबून खोकायला लागतं. सासरा कुराणातलं काहीतरी पुटपुटतोय, ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नाही. आणि एकदम उजेड. घाट उतरला की शोमालीचं मैदान, द्राक्षांच्या वेली, हिरवं. सगळ्या एकदम बोलायला लागतात.

काबूल आधी घशाला कळतं. धूळ. मग नाकाला: डिझेल, कबाबाची चरबी, तंदुरातून निघालेलं लांबडं नान. एक पोरगा डब्यात इस्पंदच्या बियांचा धूर करून जीपभोवती फिरवतो, दृष्ट काढतो आणि खिडकीतून हात पुढे करतो. पिवळ्या-पांढऱ्या करोला टॅक्सी एकमेकींच्या अंगावर येताहेत, प्रत्येक दुकानापुढे जनरेटर धडधडतोय. सासऱ्याने उभ्या जन्मात इतका आवाज ऐकलेला नाही. तो सुनेला विचारतो, "इथल्या बाया बाळंत होतात तरी कशा?"

सभेच्या दारात चपलांचा ढीग. चादऱ्या उतरतात, खुंट्या पुरत नाहीत म्हणून खुर्च्यांच्या पाठींवर निळ्या घड्या. आणि त्याखालून काय एकेक जणी निघतात! हेरातची ताठ मानेची, जलालाबादची जाड कंकणवाली, बामियानची गाल फुटलेली, कंदाहारहून आलेली, जिने आपण कुठे चाललो हे वाटेत कुणालाही सांगितलं नाही. देशात 34 प्रांत आहेत, आणि निम्म्या जणींची भाषा उरलेल्या निम्म्यांना येत नाही. पश्तूचं दारीत, दारीचं पश्तूत, कुजबुजत भाषांतर चाललंय. सहा मुलं एकदम रडताहेत. वेलदोड्याचा चहा, साखरेचे नुकूल बदाम, दुधाने भिजलेल्या कपड्यांचा आंबूस वास. "मांदा नबाशी," शेजारीण म्हणते, थकू नकोस. "जिंदा बाशी," म्हणायचं तुम्ही, जगत राहा. तुम्ही हिंदुस्थानातून आलात हे कळताच चार जणी सरकून जवळ येतात. त्यांना तुलसीबद्दल विचारायचंय. ती सासू-सुनेची मालिका दारीत डब होऊन इथे घराघरांत पोचली आहे आणि पुढे काय होतं हे तुम्हाला ठाऊक असणारच, अशी त्यांची खात्री आहे.

संघटना 2005 सालची. अफगाण मिडवाइव्ह्ज असोसिएशन. पहिल्या अध्यक्षा पश्तून अझफर, सुइणींना शिकवण्यात आयुष्य घातलेल्या. व्यासपीठावर भाषणं होतात, पाहुणे येऊन जातात. तो भाग मी तुम्हाला सोडून द्यायला सांगते. खरी सभा दुपारच्या जेवणानंतर, जेव्हा दस्तरखान उचलला जातो, काबुली पुलावातल्या गाजराचे तुकडे गालिच्यावरून वेचले जातात आणि कोणीतरी वर्गणीचा विषय काढतं.

तुम्हाला पावतीपुस्तक दिलंय. बसा मांडी घालून. एकेक जण येते, ओढणीच्या टोकाची गाठ सोडते, घामाने ओलसर झालेल्या अफगाणी नोटा मोजते. कोणी स्वतःची देते, कोणी डोंगरापलीकडच्या तिघींची, नावं हातावर लिहून आणलेली. कारण टपाल भरवशाचं नाही, दूरच्या गावात फोनला रेंज नाही. एकीला तीन महिने पगार नाही, ती पुढच्या वर्षी देईन म्हणते आणि मान खाली घालते. मागून आवाज येतो, "माझ्यात धर तिची." लगेच वाद. एक तरुणी विचारते, इमारत, गाडी, छपाई सगळं बाहेरच्या संस्थांच्या पैशांतून चालतं, मग आमच्या या चार नोटांनी काय होणार? तिचं खोटं नाही. मात्र कोपऱ्यातली पिकल्या केसांची बाई, जी अवघड काळात काबूलच्या प्रसूतिगृहात राबली, गुडघ्यावर हात ठेवून उठते. म्हणते, बाहेरचा प्रकल्प संपतो त्या दिवशी त्याचा माणूस खुर्ची घेऊन जातो. आपल्या पैशाची एक तरी खुर्ची पाहिजे, तिच्यावर बसून आपल्याला मंत्रालयाशी बोलता येईल.

मला तिचं म्हणणं पटतं, आणि पुरतं पटतं. एकटी सुईण कितीही हुशार असली तरी किल्ली दुसऱ्याकडे राहते. नोंदवही, वर्गणी, निवडणूक, इतिवृत्त ही कंटाळवाणी कामंच तिला कपाटापर्यंत पोचवतात. गरीब, मोडकळीला आलेल्या देशात ती सर्वांत शेवटी होतात, कारण त्यांचा फोटो चांगला येत नाही. शाळा उघडली की फीत कापतात. वर्गणी गोळा झाली तर कोण टाळ्या वाजवणार?

बाहेर व्हरांड्यात महरमांची वेगळीच सभा भरली आहे. भाऊ, नवरे, सासरे. हिरव्या चहाची किटली फिरतेय. आपला बदख्शानचा म्हातारा गझनीच्या एका नवऱ्याला सांगतोय, त्याच्या सुनेने हिवाळ्यात एकही बाई जाऊ दिली नाही. हे अक्षरशः खरं नाही, त्यालाही माहीत आहे. पण सांगताना त्याची छाती फुगते आणि ऐकणारा मान डोलावतो. घरी गेल्यावर हाच माणूस पंचांत बसणार आहे, हे लक्षात घ्या.

आता कागद. सुइणीच्या कामाचा तक्ता: काय तपासायचं, कोणतं औषध स्वतः द्यायचं, कधी पुढे पाठवायचं. काबिला जान ओळीवर बोट ठेवून वाचते. शेजारच्या दोघी तिच्या खांद्यावरून वाकल्यात. बोट एका ओळीवर थांबतं. मॅग्नेशियम सल्फेट. ती रडत नाही, ती चिडते. उभी राहते. तिच्या दारीला डोंगराचा हेल आहे, काबूलच्या मुली ओठ दाबतात, तिला फिकीर नाही. तिचं म्हणणं, हा तक्ता माझ्या हातात असून काय उपयोग, तो प्रमुखाच्या भिंतीवर पाहिजे, मंत्रालयाच्या शिक्क्यासकट, आणि संघटनेने पाठवलाय असं त्याखाली पाहिजे. पश्तूत भाषांतर पोचायला क्षणभर लागतो, मग कंदाहारच्या रांगेतून हुंकार येतो. लोगरची एक म्हणते, माझ्याकडेही. तखारची म्हणते, शिक्का नसला तर आमचा माणूस त्यात मीठ बांधेल. हशा होतो. कोणीतरी ओरडतं, लिहून घ्या, लिहून घ्या! आणि सगळ्या तुमच्याकडे बघतात, कारण पेन तुमच्या हातात आहे.

लिहा. मोठ्या अक्षरात. तोवर पुढचा विषय आलाच: प्रांतांच्या शाखा. बदख्शानसाठी उमेदवार दोन. चिठ्ठ्या फाडून वाटल्या जातात, पेनं कमी पडतात, एक मूल दोन मतं गिळतं आणि पुन्हा मतदान घ्यावं लागतं. काबिला जान शाखेची खजिनदार होते. तिला आनंद व्हायला फुरसत नाही. ती तुमच्यासमोर येऊन बसते आणि सभासदत्वाचे कोरे फॉर्म मागते. दहा नकोत, चाळीस. दरवाजला, शिघनानला, वाखानच्या वाटेवर जिथे जिथे तिच्या वर्गातल्या मुली आहेत तिथे तिला ते पोचवायचे आहेत. बाहेरून सासरा हाका मारतोय, जीप निघाली. ती ऐकत नाही. ती फॉर्म मोजते, दोन कमी निघतात, आणि ते दोन दिल्याशिवाय ती तुम्हाला उठू देत नाही.