अवधान-न्यूनता विकार, प्रौढांमधील (जुन्नर व आंबेगाव)

लक्ष टिकवणे, कामांचा क्रम लावणे आणि ऊर्मी आवरणे या बाबतींत बालपणापासून राहिलेली, मेंदूच्या विकासाशी निगडित अडचण. डॉक्टर मंडळींत ती ‘एडीएचडी’ या नावाने ओळखली जाते. जगभरच्या पाहण्यांत प्रौढांमधील प्रमाण साधारण २.५ ते ३ टक्के आढळते. वयाबरोबर हुंदडणे ओसरते. विसर, चालढकल आणि अर्धवट कामे मात्र उरतात. अशा माणसाला गाव बहुधा वेंधळा ठरवून मोकळे होते.

निदान रक्ताच्या तपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. ‘डीएसएम-५’ (२०१३) या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार १७ वर्षांच्या व त्यापुढील व्यक्तीत दुर्लक्षाच्या किंवा चंचलतेच्या ९ पैकी किमान ५ लक्षणे सहा महिने, तीही घर आणि काम अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीची असावीत, ही अट सर्वांत निर्णायक. म्हणून जिल्हा परिषद शाळेचे जुने प्रगतिपुस्तक किंवा आईची, थोरल्या बहिणीची आठवण इथे मोलाची ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची प्रश्नावली ही केवळ चाळणी आहे.

या दोन तालुक्यांत सर्वांत आधी झोपेची चौकशी करावी. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते. बिबट्याच्या धास्तीत उसाला, कांद्याला दारे धरून जागलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी चित्त थाऱ्यावर नसले, तर तो आजार नव्हे. थायरॉइडचा दोष, नैराश्य, दारू आणि झोपेत श्वास अडखळणे यांतूनही हेच चित्र उभे राहते. फरक एवढाच की या कारणांनी आलेल्या तक्रारींच्या सुरुवातीचा काळ सांगता येतो.

उपचारात मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध. त्याने नाडी व रक्तदाब वाढू शकतो. त्यांची मोजणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. औषध मिळवणे मात्र अवघड. ते कडक नियंत्रणातील औषधांच्या ‘शेड्यूल एक्स’ या यादीत असल्याने विक्रीला स्वतंत्र परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते आणि दुकानदाराला एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ते दूरस्थ सल्ल्यातून लिहून देता येत नाही. जुन्नरहून सुमारे ९० किलोमीटरवरच्या पुण्याला मनोविकारतज्ज्ञाकडे जाणाऱ्याचा दिवस मोडतो. आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावाचा प्रवास त्याहून बिकट. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे पर्यायी औषध ‘शेड्यूल एक्स’च्या यादीत नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.

गोळीने एकाग्रता सुधारते, सवयी आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी वर्तनोपचार, ठरलेली झोप, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फवारणीच्या व पीककर्जाच्या तारखा आणि हिशेबाला घरातले दुसरे माणूस, अशी व्यवस्था लावावी लागते. घरच्यांचा ‘आळशी’ हा शिक्का पुसणे, हाही उपचाराचाच भाग मानावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा विकार स्वतंत्रपणे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ (१४४१६) ही मोफत सेवा मराठीत सल्ला देते. पहिल्या चौकशीला ती सोयीची आहे.