प्लेगचा जिवाणू आणि त्याचे भाऊबंद

गोदावरीच्या उत्तरेला जालना जिल्हा आणि दक्षिणेला बीड. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी काही जणांना ताप आला, जांघेत गाठी उठल्या. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि माणसे शहर सोडून जाऊ लागली. भारतात १९६६ नंतर प्लेगचा एकही रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नव्हता. साहजिकच, हा खरोखर प्लेगच का, अशी शंका काही तज्ज्ञांनी घेतली. ताप आणि खोकला तर अनेक रोगांत असतो. मग जंतूची ओळख पटवायची कशी?

हा जिवाणू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी शोधला. दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग आला. १९४४ साली या जिवाणूच्या प्रजातीला ‘येर्सिनिया’ हे नाव सुचवले गेले. या कुळातील तीन जाती माणसाला मुख्यतः त्रास देतात. पेस्टिस प्लेग आणते. स्यूडोट्युबरक्युलोसिस सहसा पोटाचा, बहुधा आपोआप बरा होणारा आजार देते. एंटेरोकोलिटिका जुलाब घडवते. या तिसऱ्या जातीचे रोगकारक वाण डुकरांच्या घशातील गाठींत आणि आतड्यांत राहतात. डुक्कर बहुधा आजारी दिसत नाही. पण त्याचे कच्चे राहिलेले मांस खाणारा माणूस आजारी पडतो. या जातीचे सगळेच वाण मात्र घातक नसतात.

अशा वेळी केवळ रोगावरून नाते ठरवता येत नाही. डीएनएचे दोन धागे उष्णतेने सुटे करून दुसऱ्या जिवाणूच्या धाग्यांशी मिसळले, तर नाते जितके जवळचे तितके ते घट्ट जुळतात. १९८० साली या कसोटीवर पेस्टिस आणि स्यूडोट्युबरक्युलोसिस एकाच जातीत बसतील इतके जवळचे ठरले. एंटेरोकोलिटिका दूरची निघाली. १९९९ साली तर असे दिसून आले, की पेस्टिस ही स्यूडोट्युबरक्युलोसिसपासून काही हजार वर्षांपूर्वीच फुटलेली शाखा आहे.

मग दोघांना एकच नाव का दिले नाही? तशी सूचना झाली होती. परंतु १९८५ साली नामकरणाच्या न्यायमंडळाने ती फेटाळली. सौम्य जंतूचे नाव वाचून एखाद्या प्रयोगशाळेने प्लेगकडे दुर्लक्ष केले, तर प्राणावर बेतले असते.

हेच नाते १९९४ च्या प्रश्नातही आडवे येत होते. रायबोसोमच्या एका जनुकावरून कूळ कळते. पण या दोन भावांत ते जवळजवळ सारखेच असते. म्हणून हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी त्या जनुकाबरोबर संपूर्ण डीएनएच्या पट्ट्यांचा ठसाही तपासला. २००० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तो जिवाणू येर्सिनिया पेस्टिसच होता.

वर्गात वर्गीकरण शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. नाते जनुके सांगतात. धोका किती, हे मात्र निराळे पाहावे लागते.